वेलिणकरांचे विमान आणि एक खोटा आकडा

१/
मित्रहो, या धाग्यांतून आपण सहसा एखादी लढाई किंवा एखादा दस्तऐवज पाहतो. आज मी माझ्या कपाटातील एक प्लास्टिकचे विमान घेऊन आलो आहे. पंखांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ते २१ सेंटिमीटरही भरत नाही. परंतु त्याच्या निमित्ताने माझ्या हातून इतिहासाची एक लहानशी बनवेगिरी घडली. तिची कबुली द्यायची आहे आणि एक जुनी इच्छाही बोलून दाखवायची आहे.

२/
आधी पार्श्वभूमी. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याच्या हवाई शाखेत चार भारतीय लढाऊ वैमानिकांची नावे ठळकपणे येतात: हरदित सिंग मलिक, इंद्रलाल रॉय, एरॉल चंदर सेन आणि श्रीकृष्ण वेलिणकर. भारतीयाला वैमानिक अधिकारी म्हणून घेणे त्या काळी सरकारच्या पचनी पडणारे नव्हते. मलिक यांनी आधी फ्रेंचांसाठी रुग्णवाहिका चालवली आणि मगच त्यांना विमानाचे दार उघडले. सेन १९१७ मध्ये जर्मनांचे युद्धकैदी झाले. रॉय यांनी जुलै १९१८ मध्ये दोन आठवड्यांत दहा हवाई विजय नोंदवले आणि २२ जुलैला, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, ते पडले.

३/
चौथे वेलिणकर, मुंबईचे. केंब्रिजमध्ये शिकलेले. २३ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनमधून ते 'सॉपविथ डॉल्फिन' हे विमान उडवत. जून १९१८ च्या अखेरीस गस्तीवरून ते परतले नाहीत. जखमी अवस्थेत शत्रूच्या हाती सापडून ३० जूनला त्यांचा मृत्यू झाला. फ्रान्समधील हँगार्ड येथे त्यांची कबर आहे. मराठी आडनावाचा हा तरुण आपल्या पाठ्यपुस्तकांत मला कधी भेटला नाही. तो भेटला एका तळटीपेत, आणि मग डोक्यातून जाईना.

४/
डॉल्फिन हे विमानही विलक्षण. त्या काळच्या बहुतेक द्विपंखी विमानांत वरचा पंख खालच्या पंखाच्या किंचित पुढे असे. डॉल्फिनमध्ये तो मागे होता. वैमानिकाचे डोके वरच्या पंखातील उघड्या चौकटीतून बाहेर येई. त्यामुळे वर आणि पुढे पाहणे फार सोपे होई. पण विमान उतरताना उलटले तर पहिला आघात डोक्यावर आणि मानेवर होण्याची धास्ती वैमानिकांना वाटे. २०० अश्वशक्तीचे हिस्पानो-सुइझा इंजिन, पुढे दोन व्हिकर्स मशीनगन आणि त्या चौकटीवर लुइस गनची सोय. तरीही कॅमल आणि एस.ई.५ए यांच्या कीर्तीत डॉल्फिन झाकोळून गेले.

५/
ही झाकोळ खेळण्यांच्या दुकानापर्यंत पोहोचते. एस.ई.५ए आणि कॅमलची किट एअरफिक्स, एडुआर्ड, रोडेन अशा नाना कंपन्यांनी काढली. न्यूझीलंडच्या विंगनट विंग्जने तर १/३२ प्रमाणात पहिल्या महायुद्धातील विमानांचा सोहळाच मांडला होता. २०२० मध्ये ती कंपनी बंद पडली. डॉल्फिनचे चांगले किट मात्र आमच्या पुण्यातील एकाही दुकानात माझ्या हाती लागले नाही. शेवटी मी ते स्वतःच घडवायला घेतले.

६/
१/४८ प्रमाण घेतले, म्हणजे मूळ विमानाचे चार फूट येथे एक इंच. प्लास्टिकच्या पत्र्या कापून पंख केले, दुसऱ्या किटची चाके उसनी घेतली. किटच्या साच्यातील उरलेली दांडी मेणबत्तीच्या धगीवर मऊ करून ओढली की केसासारखी तार निघते. पंखांमधले ताण तिनेच भरले. ती उघडी चौकट तीनदा मोडली. आठ महिन्यांनी विमान उभे राहिले आणि त्याच क्षणी एक प्रश्नही उभा राहिला: याच्या अंगावर क्रमांक कोणता घालायचा?

७/
येथे माझा तोल गेला. प्रदर्शन चार दिवसांवर आले होते. वेलिणकरांच्या विमानाचा क्रमांक अभिलेखांत शोधण्याची तसदी मी घेतली नाही. एस.ई.५ए च्या किटमधून उरलेले डिकॅलचे आकडे होते, ते दिसायला सुबक बसतील अशा क्रमाने चिकटवले. खाली पाटी लिहिली: 'श्रीकृष्ण वेलिणकर यांचे डॉल्फिन, १९१८.' लोकांनी भरभरून कौतुक केले, छायाचित्रे काढली. मीही सुखावलो.

८/
दीड वर्षाने नववीतल्या एका मुलीचा संदेश आला. तिने शाळेच्या प्रकल्पात वेलिणकरांवर तक्ता केला होता. त्यात माझ्याच मॉडेलचे छायाचित्र होते आणि त्याखाली तो क्रमांक सुवाच्य अक्षरांत लिहिलेला होता. तिने अत्यंत नम्रपणे विचारले होते, "सर, या क्रमांकाचा संदर्भ कोणता द्यावा?"

मित्रहो, मी रात्रभर उत्तर लिहू शकलो नाही. ज्या माणसाची आठवण जपावी म्हणून आठ महिने खपलो, त्याच्याविषयी जगात एक खोटी गोष्ट माझ्यामुळे वाढली होती. सकाळी तिला खरे काय ते कळवले. तिने तक्ता दुरुस्त केला. फिरत राहिलेली छायाचित्रे मात्र माझ्या हातात नव्हती.

९/
त्यातून एक गोष्ट उमगली. लेखकाला 'बहुधा' असे लिहिता येते. मॉडेल करणाऱ्याला 'बहुधा' रंगवता येत नाही. ब्रिटिश विमानांवरचे 'पीसी १०' हे लेपन घ्या. गेरूसारखे पिवळे रंगद्रव्य आणि काजळी यांच्या मिश्रणातून ते होई. मिश्रण, ऊन आणि काळ यांनुसार ते कधी तपकिरी दिसे, कधी हिरवट. जाणकार त्यावर आजही वाद घालतात. पण कुंचला हाती धरला की एकच छटा निवडावी लागते, आणि पाहणारा तीच खरी मानतो.

१०/
म्हणूनच नव्या किटची इच्छा मला पोरकट वाटत नाही. प्लास्टिक किटसाठी धातूचे साचे कोरावे लागतात. तो खर्च भरून निघायचा तर हजारो खोकी विकली जावी लागतात. साहजिकच जे आधीच प्रसिद्ध, त्याचेच साचे पुन्हा पुन्हा कोरले जातात, आणि साचा आहे म्हणून ते आणखी प्रसिद्ध होते. आता लहान निर्माते रेझिन आणि त्रिमितीय छपाई यांच्या आधारे थोड्या प्रतीही काढू शकतात. त्यामुळे आशेला जागा आहे.

११/
माझी दुसरी इच्छा 'वेस्टलँड वापिटी'ची. भारतीय हवाई दलाची स्थापना ८ ऑक्टोबर १९३२ ची. पण त्याची पहिली तुकडी १ एप्रिल १९३३ रोजी कराचीच्या ड्रिग रोड येथे उभी राहिली. चार वापिटी विमाने, मोजके अधिकारी आणि १९ 'हवाई सिपाही'. त्या अधिकाऱ्यांत सुब्रतो मुखर्जी होते, जे १९५४ मध्ये या दलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले. दोनच दिवसांनी, ३ एप्रिलला, बिहारमधील पूर्णियाजवळून उडालेली दोन विमाने एव्हरेस्टवरून गेली. त्यांतील एक, वॉलेस, हे वापिटीचेच सुधारित रूप.

१२/
ब्रिटनच्या फ्रॉग कंपनीने १/७२ मध्ये वॉलेसचे किट काढले होते. जुने हौशी कलाकार त्यालाच कापून-जोडून वापिटी करीत. दिल्लीत पालमच्या हवाई दल संग्रहालयात एक वापिटी जतन केलेले आहे. म्हणजे मोजमापासाठी मूळ वस्तू आपल्याच देशात आहे.

१३/
वापिटी हवे म्हणजे केवळ गौरव हवा, असे नाही. वायव्य सरहद्दीवर ब्रिटिशांनी टोळ्यांना धाकात ठेवण्यासाठी विमाने वापरली, गावांवर बाँब टाकले. १९३७ मध्ये भारतीय तुकडीही वझिरिस्तानातील मिरानशाहला याच कामी गेली. किटच्या पुस्तिकेत हेही छापलेले असावे. विमानाशेजारी ठेवायला वैमानिकाची छोटी आकृती मिळतेच. मला तिच्यासोबत इंजिनाशी झटणारा हवाई सिपाहीही हवा आहे.

१४/
आणि डॉल्फिनच्या किटमध्ये वेलिणकरांच्या डिकॅलसोबत एक ओळ हवी: हा क्रमांक कोणत्या नोंदीवरून घेतला आणि हा रंग कशाच्या आधारे ठरवला. जिथे केवळ तर्क आहे तिथे 'तर्क' असेच लिहावे.

१५/
माझ्या डॉल्फिनवरचे आकडे मी कोमट पाण्याने आणि नखाने खरवडून काढले. तिथे थोडा रंगही गेला. तो पुन्हा भरलेला नाही. पाटीवर आता एवढेच आहे: 'सॉपविथ डॉल्फिन. वेलिणकर अशा प्रकारचे विमान उडवत.' अभिलेखागाराकडे विचारणा पाठवली आहे. उत्तर येईल तेव्हा याच धाग्यात जोडीन.

तोवर तुम्ही सांगा: कोणत्या विमानाचे किट निघावे असे तुम्हांला वाटते, आणि का? मात्र क्रमांक लिहिलात, तर कृपया तो कुठून घेतला तेही लिहा.