पात्यावरचा लेख

१८०३ च्या मे महिन्यात इंग्लंड व फ्रान्स यांच्यात पुन्हा युद्ध जुंपले, आणि त्याच वर्षीच्या २० जुलैला लंडनच्या लॉइड्समधील विमेकऱ्यांनी, म्हणजे ज्यांचे नफानुकसान समुद्रावरच्या प्रत्येक तोफेच्या आवाजाशी बांधलेले होते अशा लोकांनी, वर्गणी काढून पॅट्रिऑटिक फंड स्थापन केला. जखमींना आणि मृतांच्या कुटुंबांना साहाय्य करावे हा एक हेतू, आणि पराक्रमी अधिकाऱ्यांना कोरीव लेखाची तलवार अथवा चांदीचा कलश अर्पण करावा हा दुसरा. या दुसऱ्या हेतूतून जन्मलेल्या तलवारींविषयी मला दीर्घकाळ ओढ वाटत आली आहे. कारण आरमारी युद्धाच्या इतिहासात इतकी देखणी आणि इतकी बोलकी वस्तू विरळा.

तलवारींची प्रतवारी हुद्द्याप्रमाणे ठरलेली असे : कप्तानाला १०० पौंडांची, लेफ्टनंटला ५० पौंडांची, आणि मिडशिपमनसारख्या कनिष्ठाला ३० पौंडांची. त्या लंडनच्या स्ट्रँड भागात लँकेस्टर कोर्टात दुकान थाटलेल्या रिचर्ड टीड या शस्त्रकाराकडून येत. हस्तिदंती मूठ, तिच्या माथ्यावर सिंहाचे मुख, हाताचे रक्षण करणारी हर्क्युलिसची गदा व तिला विळखा घातलेला सर्प, आणि निळ्या रंगावर सोन्याचा मुलामा चढविलेले किंचित वक्र पाते. त्या निळाईवर सुवर्णाक्षरांत अधिकाऱ्याचे नाव, त्याचे जहाज, त्याने गाजविलेला प्रसंग आणि त्याची तारीख.

परंतु लेख सापडला म्हणजे तलवारीचे कूळ सापडले असे नव्हे. पात्यावरील नाव हे केवळ दार आहे; त्यातून आत गेल्यावर दफ्तरांची दालने लागतात. फंडाच्या समितीने कोणाला काय दिले त्याची नोंद पाहावी लागते. कप्तानाने नौदलखात्यास धाडलेला खलिता 'लंडन गॅझेट'मध्ये छापला गेला असल्यास तो वाचावा लागतो. आणि मग ब्रिटनच्या क्यू येथील राष्ट्रीय दफ्तरखान्यात जतन झालेली जहाजांची हजेरीपत्रके उलगडून, तो माणूस त्या दिवशी त्या जहाजावर खरोखर हजर होता की नाही, हे ताडून पाहावे लागते. धातूचीही साक्ष घ्यावी लागते. मुलामा चढवितानाच लेख घडलेला असेल तर अक्षर आणि भोवतालची निळाई एकाच वयाची दिसतात. मागाहून किंमत वाढविण्यासाठी कोरलेले नाव मात्र त्या निळाईला छेदून जाते. कलशाची चांदी तर आपली जबानी स्वतःच देते : कारागिराची मुद्रा, सिंहाचे चिन्ह, वर्षदर्शक अक्षर, करभरणा झाल्याची राजाच्या मस्तकाची मोहोर. फंडाच्या कलशांची सिद्ध आकृती शिल्पकार जॉन फ्लॅक्समन याची होती.

या शोधात माझे मन ज्या एका प्रसंगावर पुनःपुन्हा जाऊन थांबते, तो प्रसंग आरमाराचा नव्हे, व्यापाराचा आहे. १८०४ च्या जानेवारीअखेरीस ईस्ट इंडिया कंपनीची सोळा मोठी जहाजे, चहा-रेशमाचा अत्यंत मोलाचा माल लादून, हिंदुस्थानी बंदरांशी व्यापार करणाऱ्या अनेक गलबतांसह कँटनहून निघाली; सोबतीला ब्रिटिश आरमाराचे लढाऊ जहाज एकही नव्हते. फेब्रुवारीच्या मध्याला मलाक्केच्या सामुद्रधुनीच्या तोंडाशी, पुलो आउर बेटाजवळ, फ्रेंच सेनापती लिन्वा आपला ताफा घेऊन उभा ठाकला. कंपनीच्या ताफ्याचा म्होरक्या नॅथॅनिअल डान्स याने काही जहाजांवर आरमारी निशाणे चढवून शत्रूस संभ्रमात पाडले, आणि दुसऱ्या दिवशी पळ न काढता त्याच्यावर चालून जाऊन अल्पशा चकमकीनंतर त्यालाच माघार घ्यावयास लावले. इतकेच नव्हे, तर त्याचा काही वेळ पाठलागही केला. डान्सला सरदारकी मिळाली, फंडाकडून तलवार मिळाली. त्याच्या जहाजावर प्रवासी म्हणून असलेल्या लेफ्टनंट फाउलरलाही ५० पौंडांची तलवार मिळाली. आणि याच पराक्रमाप्रीत्यर्थ मुंबईच्या विमा कंपनीने डान्सला ५००० पौंड दिले! मुंबईचा कापूस चीनला जात होता, मुंबईच्या पेढ्यांची दौलत त्याच समुद्रावर तरंगत होती. त्या तलवारीचे एक मूळ आपल्या बंदरातही पोहोचते, ही गोष्ट मराठी वाचकाने जाणून घेण्यासारखी आहे.

त्या चकमकीत 'रॉयल जॉर्ज' या जहाजावरील एक माणूस ठार झाला व एक जखमी झाला. खलित्यात त्यांचा उल्लेख संख्येने येतो. हिंदुस्थानी गलबतांवर जे खलाशी, सारंग आणि तांडेल राबत होते, त्यांच्यासाठी तर कोणत्याही प्रतवारीत तलवार नव्हती. ३० पौंडांची पायरीसुद्धा अधिकाऱ्यापाशीच संपत होती. म्हणून मला असे निश्चयाने वाटते की, अशा वस्तूचा शोध पात्यावरील नावापाशी थांबविणारा संशोधक अर्धेच काम करतो. त्याने जहाजाचे हजेरीपत्रक शेवटच्या ओळीपर्यंत वाचावे. कोणी कोणत्या बंदरात चढला, कोण कोठे उतरला, कोणाच्या नावापुढे मृत्यूचा शेरा पडला, हे टिपून घ्यावे, आणि ती यादी तलवारीच्या इतिहासाला जोडूनच प्रसिद्ध करावी. संग्रहालयांनीही, विशेषतः ज्यांच्यापाशी या तलवारींचा मोठा संग्रह आहे त्या ग्रीनिचच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयाने, काचेच्या कपाटातील परिचयपत्रावर वीराच्या नावाखाली त्याच्या सहकाऱ्यांना जागा द्यावी.

फंडाच्या चालकांना त्यांच्या परीने हा विवेक लवकरच सुचला होता. १८०९ मध्ये त्यांनी तलवारी आणि कलश देण्याची प्रथा बंद केली, आणि तेथून पुढे वर्गणीचा पैसा जखमींच्या व मृतांच्या कुटुंबांच्या साहाय्यासाठी राखून ठेवला. तो फंड आजही चालू आहे.