बोटीची बॅग आणि खोबरेल तेल

आधी कबुली देऊन टाकते. आजोबांची बॅग मी खराब केली. उंदरांनी कुरतडली नाही, पुरात भिजली नाही, चोरीला गेली नाही. भांडी घासायचं लिक्विड, जुना टूथब्रश आणि आजीच्या फडताळातली खोबरेल तेलाची बाटली घेऊन मीच एका रविवारी सकाळी तिची पद्धतशीर वाट लावली. आणि हे करताना मी चक्क गाणं गुणगुणत होते!

आमच्या मालवणच्या घरात तिला 'बोटीची बॅग' म्हणतात. आजोबा मुंबईत गिरणीच्या ऑफिसात कारकून होते. कोकण रेल्वे पूर्ण व्हायला १९९८ उजाडलं. आजोबांच्या उमेदीच्या काळात आमच्याकडचा चाकरमानी गावाला यायचा तो बोटीने. मालवणात बोट धक्क्याला लागायची नाही, लांब उभी राहायची आणि माणसं पडावात उतरून किनाऱ्यावर यायची. पावसाळ्यात बोटी बंद. म्हणजे आजोबा दिसायचे ते शिमग्याला नाहीतर मे महिन्यात, एका हातात धोतराचा सोगा आणि दुसऱ्या हातात ही बॅग. जाड तपकिरी चामडं, पितळी कडी, आत फाटकं अस्तर. मी आजोबांना पाहिलेलं नाही. माझ्या जन्माआधीच ते गेले. मी पाहिली ती बॅग, माळ्यावर, पोत्याखाली.

तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात गावी गेले होते तेव्हा ती खाली काढली. हेतू अगदी स्वच्छ होता, म्हणजे स्वार्थी. मुंबईत व्हिंटेजची क्रेझ जोरात होती. एडिटरच्या केबिनमध्ये अशी बॅग टेबलावर ठेवली की काय इम्प्रेशन पडेल! आता एवढीच गोष्ट खटकत होती की मुठीवर एक काळपट, तेलकट, तुकतुकीत पट्टा होता. बाकी बॅग तपकिरी आणि मूठ काळी. मळ असणार, दुसरं काय?

तो मळ मी काढला. फेस करून, घासून घासून. मग कातडं कोरडं पडल्यासारखं वाटलं म्हणून खोबरेल चोपडलं आणि बॅग खळ्यात उन्हात ठेवून जेवायला गेले. मालवणचं मे महिन्याचं ऊन! संध्याकाळी बॅग उचलली तर ती पापडासारखी कडक झालेली. एक बाजू आक्रसून वर आलेली, अंगभर नकाशासारखे डाग आणि मुठीला आडवी चीर.

आजीने मूठ हातात घेऊन बघितली. ओरडली नाही. एवढंच म्हणाली, ''तेंची मूठ होती ती. तेंच्या हाताची.''

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तो काळा पट्टा म्हणजे आजोबांचा हात होता. वीस-पंचवीस वर्षं त्याच जागी धरलेला, घामाने आणि तळव्याच्या तेलाने कातड्यात मुरलेला हात. मी तो लिंबाच्या वासाच्या लिक्विडने धुऊन मोरीत सोडला होता. रात्री आजी जेवायला माझ्या शेजारी बसली नाही.

मुंबईला परत आल्यावर प्रकरण आणखी चिघळलं. एसीमध्ये ठेवलेल्या बॅगेवर चार दिवसांत पांढरी साय धरली. बुरशी! मी घाबरून एका मैत्रिणीला फोन केला. ती कॉन्झर्वेटर आहे, म्हणजे संग्रहालयांतल्या जुन्या वस्तूंची डॉक्टर. तिने बॅग पाहिली, पांढऱ्यावर बोट दाबून ठेवलं, आणि बोटाखालची साय विरघळून गेली. ''बुरशी नाही गं. खोबरेल गोठलंय.'' खोबरेल साधारण चोवीस अंशांखाली थिजतं हे थंडीत बाटली उन्हात ठेवणाऱ्या कुठल्याही मराठी माणसाला माहीत असतं. पण तेच तेल चामड्याच्या आतही थिजेल, हे डोक्यातच येत नाही! बुरशी असती तर ती बोटाच्या उबेने गेली नसती आणि तिला कुबट वास आला असता.

मग तिने मला जे सांगितलं त्याने माझा सगळा अभिमान गळून पडला. चामडं जुनं झालं की ते 'तहानलेलं' असतं आणि त्याला तेल पाजावं लागतं, ही आपली सगळ्यांची समजूत. माझीच नाही, मोठमोठ्या संग्रहालयांचीही होती. ब्रिटिश म्युझियमच्या नावाने ओळखलं जाणारं एक चामड्याचं मलम होतं. लोकरीची चरबी, सीडरवुडचं तेल आणि मेण घालून केलेलं. विसाव्या शतकात ग्रंथालयांमधून पुस्तकांच्या चामडी बांधण्यांना ते मुबलक लावलं गेलं. पुढे लक्षात आलं की त्याने आयुष्य वाढत नाही. उलट चामडं काळवंडतं, चिकट होतं, धूळ धरून ठेवतं. आज बहुतेक कॉन्झर्वेटर जुन्या चामड्याला तेल लावतच नाहीत. (हे वाचून जे लोक ताबडतोब आपल्या रोजच्या बुटांना पॉलिश करायचं थांबवतील त्यांनी माझं नाव सांगू नये. वापरातल्या बुटाची गोष्ट वेगळी.)

साबणाचं तर विचारूच नका. चामडं मुळात किंचित आम्लधर्मी असतं, साबण बहुधा त्याच्या उलट. आणि माझी बॅग बहुतेक झाडांच्या साली वापरून कमावलेल्या चामड्याची, म्हणजे कोल्हापुरी चपलेच्या नात्यातली. तिथे बाभळीची साल आणि हिरडा वापरतात. कोल्हापुरी घालून पावसात अडकलेल्यांना पुढचं सांगायला नको. भिजली, घाईने वाळवली, की ती आपल्या पायाची राहत नाही.

''आणि ऊन?'' मी विचारलं.

''अगं, माणूससुद्धा साबण लावून, तेल चोपडून चार तास उन्हात पडला तर काय होईल?''

पुढच्या विकेण्डला मी तिला गावी घेऊन गेले. आजीपुढे एकटीने उभं राहायची हिंमत नव्हती, हे खरं कारण. येताना आम्ही कुडाळला उतरून आधी पिंगुळीला गेलो, तिच्या हट्टाखातर. सिंधुदुर्गात जुनं चामडं म्हटलं की माहीतगार माणसाला पिंगुळीच आठवते. मी मालवणची, पण तोवर पिंगुळीला गेले नव्हते. गोव्याला मात्र सतरा वेळा!

पिंगुळीचा ठाकर समाज पिढ्यान् पिढ्या चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्यांचे खेळ करत आलाय. एकेकाळी सावंतवाडीच्या राजघराण्याचा त्याला आश्रय होता. परशुराम गंगावणे यांनी २००६ मध्ये आपल्या घरच्या गोठ्यात संग्रहालय सुरू केलं, 'ठाकर आदिवासी कला आंगण'. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा अनेक मुंबईकरांना हे गाव नकाशावर शोधावं लागलं.

तिथे मी चामड्याच्या बाहुल्या पहिल्यांदा नीट पाहिल्या. नुसत्या बघितल्या तर सुरकुतलेल्या, मळकट तुकड्यांसारख्या. रामायणातली पात्रं, कडा वाकलेल्या, अंगभर बारीक भोकं. मागून उजेड आला आणि ते मळकं कातडं एकदम पेटल्यासारखं लालभडक झालं. भोकांमधून दागिने चमकायला लागले. माझ्या अंगावर काटा आला.

मैत्रीण हळूच म्हणाली, ''आता कल्पना कर, हिला तू घासलं असतंस.''

कारण हे चामडंसुद्धा नव्हे. कमावलेलं नसतं ते. कातडं साफ करून, ताणून, वाळवलेलं, ढोलकीच्या पानासारखं. म्हणून तर त्यातून उजेड आरपार जातो. पण म्हणूनच पाण्याचा थेंब पडला की ते फुगतं, वाळताना आक्रसतं आणि वर चढवलेला रंग सुटतो. तेल लावावं तर रंग आणि धूळ यांचा लगदा. अशा वस्तूची सफाई म्हणजे मऊ ब्रश, तोही हलक्या हाताने, आणि रंगाचा पापुद्रा सुटत असेल तर तोही नाही. जी धूळ निघत नाही ती राहू द्यायची. दक्षिणेतल्या काही बाहुलेवाल्यांमध्ये जीर्ण झालेली बाहुली नदीत सोडायची रीत आहे असं ती सांगत होती, आणि मला उगाच माझी मोरी आठवत होती.

खरा शत्रू मळ नाहीच, हवा आहे. पासष्ट-सत्तर टक्क्यांच्या वर दमटपणा गेला आणि तसाच राहिला की बुरशी धरते. आमच्याकडे जुलैत तो ऐंशी-नव्वदच्या घरात सहज असतो. भिंतीला टेकवलेली कुठलीही वस्तू घामेजते. अशा वेळी आपण काय करतो? 'जपून ठेवायचं' म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधतो. म्हणजे दमटपणा आत कोंडून बुरशीची सोय करतो!

घरी पोचल्यावर मैत्रिणीने पडवीत चटई टाकून बॅगेचा दवाखाना मांडला. दोन दिवस तिने जे केलं ते बघून माझा जरा अपेक्षाभंगच झाला, इतकं ते थोडं होतं. नाकाला मास्क लावून कोरड्या मऊ ब्रशने धूळ काढली. तेलाचा पांढरा थर सुती फडक्याने टिपला, चोळला नाही. आक्रसलेली बाजू ओढून सरळ करायला तिने साफ नकार दिला. मी ओढायला निघाले होते तर हातावर चापट मारली. मुठीच्या चिरेला आतून जपानी कागदाची रंगवलेली पातळ पट्टी चिकटवली. बॅगेच्या पोटात आजीच्या जुन्या मलमलच्या साडीचे बोळे भरले, आकार टिकावा म्हणून. वर्तमानपत्राचे नकोत, शाई उतरते. शोभेसाठी म्हणून मी पॉलिशची डबी पुढे केली. ती तिने परत माझ्या पर्समध्ये टाकली.

''मूठ काळी होईल परत?'' मी विचारलं.

''नाही. रंग देता येईल. पण तो रंग असेल.''

आजी हे सगळं उंबऱ्यावर बसून बघत होती. बॅग परत माळ्यावर ठेवायची नाही, भिंतीपासून लांब, वारा लागेल अशी ठेवायची, पावसात आठवड्यातून एकदा उघडून बघायची, असं मैत्रीण समजावत होती, तेव्हा ती तिसऱ्या दिवशी पहिल्यांदा माझ्याशी बोलली. ''तेका तेल नको, वारो व्हयो. माका इचारूक व्हया होतां.''

म्हणजे तिला माहीत होतं. आजोबांच्या पश्चात दर पावसात ती बॅग माळ्यावरून काढून, कोरड्या फडक्याने पुसून, दिवसभर पडवीत सावलीला ठेवायची. गुडघे दुखायला लागले आणि शिडी चढणं बंद झालं, तेव्हापासून ते राहिलं होतं. आम्हा कुणाला ते कळलं नाही, कारण कुणी विचारलंच नव्हतं.

बॅग मी मुंबईला आणली नाही. आजीच्या खोलीत खिडकीपलीकडच्या स्टुलावर असते. आक्रसलेली बाजू तशीच आहे, मूठ फिकीच आहे. जून ते सप्टेंबर दर रविवारी मी फोन करते आणि इकडचं तिकडचं झाल्यावर विचारते, ''बॅग उघडलीस का गो?''

गेल्या जुलैत म्हणाली, ''उघडलंय. आत पाल रवता आता.''

''मग हाकल की तिला!''

''रवांदे. झुरळां खाता.''