गावाने राखलेली गुहा

रोमहून नेपल्सकडे जाणाऱ्या गाडीतून आम्ही फोंदी-स्पेर्लोंगा स्टेशनवर उतरलो आणि बसने समुद्रकाठी आलो. स्पेर्लोंगा समुद्रात घुसलेल्या खडकावर वसलंय. पांढरी घरं, अरुंद बोळ, जिथे तिथे पायऱ्या. १५३४ मध्ये ऑटोमन आरमारप्रमुख बार्बारोसाच्या आरमाराने हे गाव लुटलं होतं. टोकावरचा टेहळणीचा बुरूज आजही त्या धास्तीची आठवण करून देतो.

गावाचं नाव मात्र त्याहून फार जुनं. लॅटिनमध्ये ‘स्पेलुंका’ म्हणजे गुहा. ती गुहा पाहायला आम्ही वाळूतून चालत निघालो.

गुहेच्या तोंडाशी रोमन काळातली मत्स्यकुंडं आहेत. पाणी नितळ होतं. काठावर ओणवं होऊन पाहिलं, तर मासे संथपणे फिरत होते. माशांना आसरा मिळावा म्हणून भिंतीत मातीचे रांजण बसवलेले. दोन हजार वर्षांपूर्वी सम्राट टायबेरियस इथे पंगती झोडायचा. इ.स. २६ मध्ये जेवण चालू असतानाच गुहेच्या तोंडाशी दगड कोसळले, काही नोकर दगावले. सेजानस या अधिकाऱ्याने स्वतःच्या अंगाचा आडोसा करून सम्राटाला वाचवलं, असं इतिहासकार टॅसिटसने लिहून ठेवलंय. त्यानंतर सेजानसवर सम्राटाचा भरवसा आणखी वाढला.

या गुहेत ग्रीक वीर ओडिसियसच्या कथेतली भव्य शिल्पं होती. १९५७ मध्ये किनाऱ्याच्या रस्त्याचं काम चालू असताना त्यांचे हजारो तुकडे सापडले. ते रोमला हलवायचं ठरलं, तेव्हा गावकरी वाट अडवून उभे राहिले. शिल्पं गावातच राहिली आणि १९६३ मध्ये त्यांच्यासाठी गुहेजवळच संग्रहालय उघडलं.

तिथे एका तुकड्यापाशी मी खिळून राहिलो. ओडिसियसच्या जहाजावर झडप घालणाऱ्या स्किला राक्षसीचा अवाढव्य हात आणि त्या पंजात सापडलेलं खलाशाचं डोकं. बोटं केसांत रुतलेली. याच शिल्पातल्या जहाजावर तीन शिल्पकारांची नावं कोरली आहेत : अथानाडोरोस, हागेसांड्रोस, पॉलिडोरोस. व्हॅटिकनमधल्या जगप्रसिद्ध ‘लाओकोऑन’ शिल्पाचे कर्ते म्हणून रोमन लेखक प्लिनीने हीच तीन नावं दिली आहेत. दोनच दिवसांपूर्वी मी ते शिल्प गर्दीत टाचा उंचावून पाहिलं होतं. इथे त्या दालनात आम्ही दोघंच होतो.

बाहेर आल्यावर पुन्हा गुहेकडे गेलो. मघाशी ती नुसती रिकामी कपार वाटली होती. आता कोणतं शिल्प कुठे होतं ते कळत होतं, आणि पाण्याच्या मधोमध स्किला डोळ्यांपुढे उभी राहिली. शिल्पं रोमला गेली असती, तर हे मला उमगलंच नसतं. गावकऱ्यांनी अडवलेल्या त्या वाटेचं मोल मला तिथे कळलं.

इटलीला जाल तेव्हा रोम आणि नेपल्सच्या मध्ये एक दिवस स्पेर्लोंगासाठी राखून ठेवा. आधी संग्रहालय पाहा आणि मग गुहेपाशी निवांत बसा.