वाट आमचीच

कायद्याच्या प्राध्यापकांची परिषद म्हटली की तिचे स्वरूप ठरलेले असते. उद्घाटनास एखादे न्यायमूर्ती, दुपारी जड भोजन आणि भोजनोत्तर पेंगेच्या वेळी आमच्यासारख्यांचे निबंधवाचन. २००९ साली दक्षिणेतील एका शहरी भरलेल्या अशाच परिषदेत दहा मिनिटे आमच्या वाट्यास आली होती. सत्राचा विषय विधिशिक्षण आणि प्रादेशिक भाषा. निबंध मात्र आम्ही इंग्रजीतच लिहून नेला होता, हे आधीच कबूल केलेले बरे.

त्यातील उदाहरण येळ्ळूरचे होते. ते आमच्याच घरचे आहे, हे आम्ही तेथे सांगितले नाही.

राजहंसगड समोर ठेवून उभे राहिले की डाव्या हाताला आमचे भाताचे शेत. तेथे पोहोचण्यास शेजाऱ्याच्या रानातून गाडीवाट होती. आजोबांच्या काळापासून सुगीत बासमतीची पोती त्याच वाटेने घरी येत. एका उन्हाळ्यात शेजाऱ्याने ती नांगरून टाकली आणि वडिलांनी दावा लावला. महाराष्ट्राने सीमाप्रश्नाचा दावा सर्वोच्च न्यायालयात लावला तो २००४ साली. आमच्या गाडीवाटेचा त्याहून जुना. १९९४ साली वडिलांची साक्ष झाली. उलटतपासणीत विचारले गेले, वाट कोणाची? वडील म्हणाले, “वाट आमचीच की ओ!”

जबानी कन्नडमध्ये उतरली : वाटेची जागा वादीच्या मालकीची आहे. वडिलांनी खाली मराठीत सही केली.

१८८२च्या सुविधाधिकार कायद्याने वीस वर्षे उघडपणे, हक्काने आणि अखंड वापरलेल्या वाटेवर हक्क मिळतो. पण तो दुसऱ्याच्या जमिनीवरच. जो त्या जागेला स्वतःची म्हणतो, त्याला तेथे सुविधाधिकार मागता येत नाही. वडिलांच्या मालकीचा कागद नव्हता, आणि मालकी सांगितल्यामुळे वहिवाटही गेली. आम्ही त्या वेळी शेजारच्या शहरात नेमका हाच कायदा शिकवीत होतो. निकालाच्या रात्री वडिलांनी एवढेच विचारले, “तू हेच शिकवतोस न्हवं?”

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या अठराव्या आदेशातील सहावा नियम सांगतो की, साक्षीदाराला न कळणाऱ्या भाषेत जबानी लिहिली, तर ती त्याच्या भाषेत त्याला समजावून द्यावी. तसे घडले नव्हते. आमच्या निबंधाचा सारा भर या नियमावर होता, आणि सभागृहात माना डोलल्या, तेव्हा आम्हांला थोडे समाधानही वाटले.

मग मागच्या रांगेतील एक वयोवृद्ध प्राध्यापक उठले. त्यांनी सौम्यपणे विचारले : “समजा, जबानी त्याला त्याच्या भाषेत वाचून दाखविली असती, तर तुमच्या साक्षीदाराने काय दुरुस्त केले असते?”

आम्ही निरुत्तर झालो. कारण वडील आमच्या डोळ्यांपुढे उभे होते. ‘वाटेची जागा तुमची, असे तुम्ही म्हणालात,’ असे शुद्ध मराठीत ऐकविले असते तरी त्यांनी मान डोलावून ‘व्हय’ म्हटले असते. जिच्यावरून आपण जातो ती आपली, यापलीकडे त्यांना काही म्हणायचेच नव्हते. त्यांना विचारावे, तर ते २००३ सालीच गेले.

परतीच्या गाडीत रात्रभर झोप लागली नाही. पंधरा वर्षे आम्ही कन्नडवर रुसून काढली होती. तो रुसवा अगदीच अस्थानी होता असे नव्हे. सीमाभागात राहणाऱ्याला ते सांगायला नको. पण ‘सुविधाधिकार’ हा मराठी कोशातला शब्द तरी येळ्ळूरच्या शिवारात कोणी उच्चारला आहे? वडिलांजवळ ‘वहिवाट’ होती. तो शब्द आम्ही वर्गात एकदाही उच्चारला नव्हता.

पुढच्या सत्रापासून त्या प्रकरणाच्या आधी आम्ही विद्यार्थ्यांना घरी पाठवू लागलो. दुसऱ्याच्या रानातून जाणाऱ्या वाटेला वडीलधारी मंडळी काय म्हणतात, ते लिहून आणायचे. कोणी गाडीवाट आणली, कोणी पायवाट, कोणी पाणंद. तिच्यावरून निम्मा तास वाद झाला, कारण पाणंद सर्वांची असते. बैलहोंगलकडचा एक कन्नड मुलगा शेवटी उठला. त्याच्या वहीत ‘बंडी दारी’ लिहिले होते. आम्ही विचारले, ती कोणाची, असे आजोबांना विचारलेस का?

“विचारलं सर,” तो म्हणाला, “ते म्हणाले, नम्म दारी. आमची वाट.”