पाचशेचे बरोब्बर पाचशे

परवा जालना रोडवरच्या पंपावर पेट्रोल भरलं आणि घरी येईपर्यंत मला गप्प बसवेना. शेजारच्या काकूंना जिन्यातच गाठलं, बहिणीला फोन लावला, आणि आता तुम्हाला सांगतेय.

रांगेत माझ्यापुढे एक कॉलेजचा मुलगा होता. त्यानं नोझलवाल्याला पैसे दिले नाहीत, कार्ड दिलं नाही, 'किती टाकू?' हा प्रश्नही त्याला कुणी विचारला नाही. त्यानं मोबाईलवर आलेला कोड फक्त वाचून दाखवला. मशीनवर रक्कम उमटली, पेट्रोल पडलं, नोझल आपणहून थांबला आणि मुलगा निघूनही गेला!

"भाऊ, हे काय होतं?"

"यूफिल, ताई. पैसे आधी भरायचे, एसएमएसवर कोड येतो, तो इथं द्यायचा."

मी गाडी तिथेच बाजूला घेतली. भारत पेट्रोलियमची ही सोय २०२२ पासून आहे. यूपीआयनं पाचशे रुपये भरले, कोड आला, नोझलवाल्यानं तो मशीनला दिला, आणि पडद्यावर माझे पाचशे! माझ्या तोंडून आकडा निघालाच नव्हता. टाकी आधीच भरली आणि पेट्रोल कमी लागलं, तर उरलेले पैसे खात्यात परत येतात.

हे मला इतकं का भिडलं, ते सांगते. आमच्या शहरात पेट्रोल पंप हा पत्ता असतो. महावीर चौक म्हणा, रिक्षावाला क्षणभर विचार करतो. बाबा पेट्रोल पंप म्हणा, लगेच मीटर टाकतो. लहानपणी अण्णांच्या स्कूटरवर पुढे उभी राहून मी पंपावर जायची, तेव्हा माझ्यावर एकच काम असायचं: 'झिरो बघ.' अण्णा कधी शंभरचं पेट्रोल मागत नसत. एकशे दहाचं मागायचे. गोल आकड्यात घोळ असतो, अशी त्यांची पक्की समजूत. अर्ध्या शहराची होती म्हणा ना! मागितलेले शंभर आणि मशीनवर दाबलेले शंभर यांच्यामध्ये माणसाचा कान होता, बोट होतं, गर्दीची घाई होती. आता भरलेली रक्कम थेट मशीनलाच कळते. मधलं सगळं गळून पडलं. केवढी मोठी गोष्ट आहे ही!

आणि पैसे सुरक्षित. यूपीआयचा पिन माझ्याच फोनवर टाकायचा, तो पंपाला दिसत नाही. कार्ड कुणाच्या हातात जात नाही. 'मोबाईल वापरू नये' या पाटीखालीच फोन उघडून क्यूआर कोड स्कॅन करताना माझा जीव नेहमी वरखाली व्हायचा. आता घरूनच पैसे भरून निघता येतं. चारचाकीवाल्यांसाठी तर आणखी पुढची वाट आहे. इंडियन ऑइल आणि आयसीआयसीआय बँकेनं २०२१ मध्ये फास्टॅगवरून इंधनाचे पैसे घ्यायला सुरुवात केली. समृद्धी महामार्गावर टोल कापणारा काचेवरचा तोच स्टिकर! पंपावर तो बिनतारी वाचला जातो, मालकाच्या मोबाईलवर ओटीपी येतो, आणि तो दिल्याशिवाय पैसे कापले जात नाहीत. हा ओटीपी मला फार आवडला.

एक मात्र खरं, की कोडनं रक्कम चुकत नाही, पण माप कोड ठरवत नाही. किती पेट्रोल गेलं, हे मशीनच्या आतला पल्सर मोजतो. २०१७ मध्ये ठाणे पोलिसांनी पंपांवर छापे घातले ते या पल्सरमधल्या फेरफारासाठीच. त्यासाठी आपल्याकडे जुनाच हक्क आहे: प्रत्येक पंपावर पाच लिटरचं प्रमाणित माप असतं आणि ग्राहकानं मागितलं तर त्यात मोजून दाखवावं लागतं. मी त्या दिवशी मागितलं. भाऊंनी न कुरकुरता आणलं, पाच लिटर काठोकाठ भरले, आणि रांगेतली चार माणसं गाड्या सोडून बघायला आली.

रविवारी अण्णांना मागे बसवून नेलं. कोड दिला. मशीन सुरू होण्याआधी ते सवयीनं वाकले आणि झिरो बघितला. मग आकडे पळाले, पाचशेवर थांबले. अण्णा सरळ झाले आणि मला म्हणाले, "एकशे दहाचं पण होतं का गं यात?"

होतं, अण्णा!