‘पिक अप’ आणि आपलं ‘उचलणं’

इंग्रजीतल्या फ्रेजल व्हर्बची यादी पाठ करायला लावणं हा मला मुलांवर अन्याय वाटतो. रहिमतपुरात मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी शिकवताना ‘पिक अप’ आलं की मी आधी फळ्यावर ‘उचलणे’ लिहिते आणि म्हणते, सांगा, काय काय उचलतात?

उत्तरं भराभर येतात. दप्तर उचलतात, फोन उचलतात. पोलिसांनी एकाला उचललं. पुण्याला गेलेल्या मामेबहिणीनं तिथली बोली चटकन उचलली. हळदीच्या बाजारानं उचल खाल्ली. या प्रत्येक ठिकाणी इंग्रजी माणूस ‘पिक अप’च म्हणेल. दोन्ही भाषांनी खालची वस्तू वर घेण्याच्या साध्या हालचालीतून हे सगळे अर्थ काढले, हे कळल्यावर मुलांची भीती निम्मी जाते.

परकीयांना ही क्रियापदं जड जातात, हे सॅम्युअल जॉन्सननं 1755च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेतच नोंदवलं होतं. त्यांना ‘फ्रेजल व्हर्ब’ हे आजचं नाव मात्र बऱ्याच उशिरा रूढ झालं. लोगन पियरसॉल स्मिथनं 1925 साली ‘वर्ड्‌स अँड इडियम्स’मध्ये ते वापरलं आणि ही संज्ञा ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी सुचवल्याचं सांगितलं. मराठी मुलाला हा प्रकार परका वाटण्याचं खरं तर कारण नाही. ‘खाऊन टाक’ म्हणताना आपण काहीच टाकत नाही. ‘टाक’ एवढंच सांगतो की पानात काही उरू देऊ नकोस. ‘ईट अप’मधला ‘अप’ नेमकं हेच काम करतो, तिथं वर काही जात नाही. आपण हे दुसऱ्या क्रियापदाकडून करून घेतो, इंग्रजी एका चिमुकल्या अव्ययाकडून. आपली संयुक्त क्रियापदं नीट शिकवली, तर इंग्रजीचा हा धडा अर्धा झालेला असतो. शाळेत ती घाईनं उरकली जातात याचं मला फार वाईट वाटतं.

पण ‘पिक अप’ आणि ‘उचलणं’ सगळीकडे हातात हात घालून चालत नाहीत, आणि शिकवण्यासारखं खरं तिथंच आहे. इंग्रजीत आई मुलाला शाळेतून ‘पिक अप’ करते. मराठीत ती त्याला घेऊन येते, ‘मुलाला शाळेतून उचललं’ म्हटलं तर ऐकणारा घाबरेल. इंग्रजीत माणूस प्रवासात एखादा आजार ‘पिक अप’ करतो, आपल्याला तो लागतो. उलट आपण विडा उचलतो, जबाबदारी उचलतो, कुणाची मागणी उचलून धरतो. तिथं ‘पिक अप’ बसत नाही. आणि आपल्या ऊसपट्ट्यातली ‘उचल’? शेतकऱ्याच्या तोंडी ती उसाच्या दराचा पहिला हप्ता असते. ऊसतोड कामगाराची उचल वेगळीच : हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेली, नवरा-बायकोच्या ‘कोयत्या’नं महिनोन्‌महिने तोड करून फेडायची रक्कम. एकाला ती येणं आहे, दुसऱ्याला देणं. इंग्रजीत हे सांगायला ‘इन्स्टॉलमेंट’ आणि ‘ॲडव्हान्स’ असे दोन निराळे शब्द लागतात, आणि ‘पिक अप’ यातल्या एकाही ठिकाणी चालत नाही.

बोलीनं मात्र ‘पिकअप’ कधीच आपलासा केला, तोही नाम म्हणून. आल्याची पोती पिकअपमधून जातात, चढावर गाडी ‘पिकअप घेत नाही’. चेकअप, मेकअप, बॅकअप हेही असेच नामं होऊन आले आणि आपण त्यांना ‘करणे’, ‘घेणे’ जोडलं. इंग्रजीत नाम असताना जोर ‘पिक’वर पडतो, क्रियापद असताना ‘अप’वर. आपल्या कानाला नामाचीच सवय असल्यामुळे मुलं क्रियापदही तशाच जोरानं उच्चारतात.

सगळ्यांत अवघड जातं ते ‘इट’. ‘पिक अप द बुक’ चालतं, ‘पिक द बुक अप’ही चालतं, पण पुस्तकाच्या जागी ‘इट’ आलं की ते मध्येच बसलं पाहिजे : ‘पिक इट अप’. ‘पिक अप इट’ हे चूक. इथं मी पुन्हा मराठीकडे वळते. ‘उचलूनच घे’, ‘उचलून तर बघ’ : आपलीही जोडी मधे फट ठेवते आणि त्या फटीत छोटेच शब्द शिरतात. आपल्या फटीत ‘च’ आणि ‘तर’ येतात, इंग्रजीच्या फटीत नाम किंवा सर्वनाम येतं, एवढा फरक. मग खडू, पेन, डबा जमिनीवर ठेवायचा, एकानं हुकूम सोडायचा, दुसऱ्यानं वस्तू उचलायची. नियम मी शेवटी सांगते, तोवर तो मुलांच्या तोंडात बसलेला असतो.