तिसरा आवाज

आमच्याकडे ऑर्केस्ट्रा म्हटले की डोळ्यांपुढे उरुसातला मांडव येतो. रफी-किशोरची गाणी, रंगीत दिवे आणि शिट्ट्या. त्यामुळे बेंजामिन ब्रिटन या इंग्रज संगीतकाराचा ‘वॉर रिक्वीएम’ ऐकायला बसलो तेव्हा आधी काहीच उमगले नाही. एवढा मोठा वाद्यमेळ, लॅटिन भाषा आणि विषय मयताच्या मगफिरतीचा. हे आपले नव्हे, असे मन म्हणत होते. तरी ऐकत राहिलो, कारण त्यामागची हकिगत आम्हाला ठाऊक झाली होती.

१४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन विमानांनी इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री शहरावर बॉम्ब टाकले. तिथले जुने कॅथीड्रल जळाले. युद्धानंतर त्याच्या पडक्या भिंती तशाच ठेवून शेजारी नवे कॅथीड्रल बांधले गेले. १९६२ साली त्याच्या उद्घाटनाच्या सोहळ्यासाठी ब्रिटनने ही रचना केली. तो स्वतः युद्धविरोधी. दुसऱ्या महायुद्धात त्याने हाती शस्त्र घ्यायला नकार दिला होता. मृतांसाठीच्या लॅटिन प्रार्थनांमध्ये त्याने विल्फ्रेड ओवेन या कवीच्या नऊ कविता गुंफल्या. ओवेन सैनिक होता. पहिले महायुद्ध थांबायला अवघा आठवडा उरला असताना, ४ नोव्हेंबर १९१८ रोजी तो मारला गेला. वय पंचवीस.

ब्रिटनच्या मनात तीन आवाज होते. इंग्रज पीटर पिअर्स, जर्मन डीट्रिख फिशर-डिस्काउ आणि रशियन गालिना विश्नेवस्काया. ज्या देशांची माणसे त्या युद्धात मेली, त्यांतल्या तिघांनी एकत्र उभे राहून दुआ मागावी, असा बेत. पण सोव्हिएत सरकारने विश्नेवस्कायाला परवानगी नाकारली. ऐनवेळी हेदर हार्पर या गायिकेने तिची जागा घेतली. ३० मे १९६२ रोजी कार्यक्रम झाला, गाजला. पण मूळ बेत अपुराच राहिला. त्या दिवशी ब्रिटनने फक्त लहान वाद्यवृंद सांभाळला. मोठा वाद्यवृंद मेरेडिथ डेव्हिस यांच्याकडे होता.

जानेवारी १९६३ मध्ये लंडनच्या किंग्जवे हॉलमध्ये डेक्का कंपनीने ध्वनिमुद्रण केले, तेव्हा सारी सूत्रे ब्रिटनच्या हाती होती. आणि विश्नेवस्काया आली! तिला पुरुष गायकांपासून दूर, समूहाबरोबर उभे केले म्हणून ती आधी भयंकर चिडली. हा आपला अपमान आहे, असे तिला वाटले. समजूत निघाली आणि ती गायली. तिचा आवाज वरून उतरतो तेव्हा अंगावर काटा येतो. शेवटी दोन मृत सैनिक भेटतात. एकाने दुसऱ्याला मारलेले असते. मारला गेलेला शत्रू त्या जर्मन गायकाच्या तोंडून बोलतो. फिशर-डिस्काउ खुद्द जर्मन फौजेत होता, युद्धकैदीही झाला होता. हे ठाऊक असताना ते नुसते गाणे राहत नाही. पहिल्या पाच महिन्यांत या ध्वनिमुद्रणाच्या दोन लाख प्रती खपल्या.

निर्माता जॉन कलशॉ याने तालमीही गुपचूप टिपून घेतल्या आणि ब्रिटनला पन्नासाव्या वाढदिवसाची भेट म्हणून दिल्या. ब्रिटनला ते रुचले नाही. आम्हाला मात्र त्या तालमी फार आवडतात. थोर संगीतकार तिथे वर्गातल्या मास्तरासारखा बोलतो. थांबवतो, चूक दाखवतो, पुन्हा गायला लावतो. फार गोड गाऊ नका, असेही एकदा सांगतो.

मास्तरकी आमचीही आहे, उर्दू शाळेतली. मागे शेजारच्या मराठी शाळेबरोबर आम्ही एक समूहगीत बसवले होते. अर्धी मुले त्यांची, अर्धी आमची. आमच्यातल्याच काही पालकांनी गाण्यावर नाक मुरडले. त्यांची समजूत काढता काढता नाकी नऊ आले. आणि कार्यक्रमाच्या दिवशी त्या शाळेची मुले आलीच नाहीत. वरून नको म्हणाले, एवढाच निरोप आला. आमची मुले एकटीच गायली. टाळ्याही पडल्या. पण त्यांच्या ओळींच्या जागी सूर थांबला की मुले सवयीने डावीकडे बघत होती. ते दृश्य बरेच दिवस डोळ्यांपुढून हलले नाही. त्यानंतर आम्ही पुन्हा विचारायला गेलो नाही. राग होता, आणि खरे सांगायचे तर लाजही होती.

कॉव्हेंट्रीत जे जमले नाही, ते सुमारे सात महिन्यांनी लंडनच्या एका सभागृहात जमले. ब्रिटन रुसून बसला असता, तर तो तिसरा आवाज आम्ही कधीच ऐकला नसता.

यंदा त्या शाळेला पुन्हा पत्र लिहिले आहे. उत्तर अजून आलेले नाही. तालमीसाठी मैदानावर चुन्याने रांगा आखल्या, तेव्हा आम्ही डावीकडची जागा मोकळी ठेवली.